आण्णांचा एअर बेड: साडेचार महिन्यांचा हिशोब

आधीच सांगते, या एअर बेडबद्दल लिहायला मला कुणी पैसे दिलेले नाहीत. उलट माझेच दोनदा गेले. पहिल्यांदा २,८०० रुपये, दुसऱ्यांदा ८,५००. कुणाच्या घरात माणूस पडून असेल आणि "कुठला बेड घेऊ" हा प्रश्न असेल, तर जरा सवडीने वाचा. लांबलंय, पण माझ्या दोन पावत्यांपेक्षा स्वस्त पडेल.

मी सरकारी दवाखान्यात १८ वर्षं सिस्टर आहे. मध्ये दोन वर्षं रजा टाकून एम.एस्सी. नर्सिंग केलं, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं. डेझर्टेशनचा, म्हणजे प्रबंधाचा विषय बेडसोअर, पडून राहिल्याने अंगाला पडणाऱ्या जखमा. म्हणजे सर्जिकलच्या दुकानात एअर बेड घ्यायला जाणाऱ्यांमध्ये माझ्याइतकं तयारीचं गिऱ्हाईक क्वचितच असेल. तरी फसले. थोडं दुकानदाराने फसवलं, थोडं माझं मी.

आण्णा म्हणजे माझे सासरे. वय ७८, वजन ५२ किलो, जन्म शेतात वाकण्यात गेलेला. जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या एकाच बाजूने गळायला लागलं आणि हातातला तांब्या पडला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. १२ दिवसांनी घरी सोडलं तेव्हा नाकात नळी, लघवीसंडासला डायपर, आणि तोंडात एकच शब्द: "च्या". चहा हवा तरी "च्या", कूस बदलायची तरी "च्या", आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोर दिसल्या नाहीत तरी "च्या".

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी सवयीने त्यांचा ब्रेडन स्कोअर काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रेडन आणि बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकन नर्सबाईंनी बेडसोअरचा धोका मोजायची ही मोजपट्टी केली, १९८७ मध्ये ती छापून आली. सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज कमीत कमी ६, जास्तीत जास्त २३, आणि १८ किंवा खाली आली की सावध व्हायचं. आण्णांना दुखलेलं कळतं पण सांगता येत नाही, म्हणून ३. अंग बऱ्याचदा ओलं, २. अंथरुणातून उठणं नाही, १. स्वतः हलणं अगदी थोडं, २. पोटात जातं ते अपुरं, २. आणि वर ओढून घेताना पाठ घासते, त्याचा १. बेरीज ११. वॉर्डात असा आकडा आला की फाइलवर लाल पेनने गोल करतो. इथे फाइल नव्हती. मी रिक्षा करून सर्जिकलच्या दुकानात गेले.

दुकानात दोन प्रकार होते आणि बाजारात साधारण हेच दोन असतात. एक बबलवाला: प्लॅस्टिकचा पातळ बेड, त्यावर इडलीपात्रासारखे फुगे. दुसरा ट्यूबवाला: आडव्या लांब नळ्या एकाशेजारी एक, वरून कापडासारखं कव्हर. दोन्हींत युक्ती तीच. बाजूला छोटी मोटर, तिच्यातून दोन नळ्या. एक नळी निम्म्या फुग्यांना हवा देते, दुसरी उरलेल्या निम्म्यांना. काही मिनिटं हे फुगतात तेव्हा ते बसतात, मग उलट. माकडहाड, ढुंगण, खांदे अशा हाडाच्या जागी एकाच ठिकाणी तासन्‌तास दाब राहिला की तिथलं रक्त अडतं आणि कातडी आतून मरायला लागते. बेड तो दाब जागेवरून हलवत राहतो. बस, एवढंच त्याचं काम.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा बबलवाला घ्या, सगळे हाच नेतात. एकदा टाकला की बेडसोअरचं टेन्शन नाही. कूससुद्धा बदलायची गरज नाही."

या वाक्याला मी तिथेच थांबवायला हवं होतं. याच वाक्यावर मी दोन वर्षं घालवली होती. पण घरी न्यायच्या ऑक्सिजनचा माणूस बाहेर खोळंबला होता, बिल भरायचं राहिलं होतं, आणि २,८०० आणि ८,५०० मध्ये जेवढा फरक आहे तेवढा आमच्या घरी त्या महिन्यात खरंच मोठा होता. बबलवाला घेतला.

आता त्या बबलवाल्याबद्दल. चांगलं आधी: वजनाला हलका, घडी होते, पुसायला सोपा, वीज किरकोळ खातो, आवाज घरातल्या फ्रिजपेक्षा कमी. आण्णांना पहिल्या रात्री झोप लागली. पण प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच. जुलैच्या दमट हवेत पाठ सकाळपर्यंत अशी व्हायची जशी भाताच्या डब्याच्या झाकणाची आतली बाजू. वर सुती चादर टाकली तर ती घसरते. घट्ट खोचून बसवली तर झोळीसारखी ताणते आणि फुग्यांचा उपयोगच राहत नाही. दुपदरी गोधडी टाकली (आईंनी टाकली होती, माझ्या नकळत, "पोचतंय गं त्यांना" म्हणून) तर बेड असून नसल्यासारखा. आणि त्याखाली लाल रबरी शीट तर चुकूनही नको. एकच पातळ सुती चादर, सैल. डायपर असताना वर आणखी दोन-तीन पदर घालायचा मोह होतो, तो आवरा.

मोटरवर एक बटण असतं गोल फिरवायचं, पेशंटच्या वजनाप्रमाणे. दुकानदाराने ते पूर्ण फिरवून दिलं होतं, "टाइट राहू द्या". ५२ किलोच्या माणसाखाली टाइट बेड म्हणजे फरशीच. कमी केलं तर मधे बसतो. बरोबर कुठे आहे ते बघायची पद्धत कुठल्याच खोक्यावर छापलेली मला दिसली नाही, म्हणून इथे लिहिते. पेशंट झोपलेला असताना एअर बेड आणि खालची गादी यांच्या मधे आपला हात सरकवायचा, तळवा वर करून, अगदी माकडहाडाच्या खाली जाईपर्यंत. हात आणि पेशंटचं हाड यांच्या मधे निदान एक इंच हवेची गादी लागली पाहिजे. हाड हाताला टोचलं तर हवा कमी आहे. मी आण्णांच्या खाली पहिल्यांदा हात घातला तेव्हा त्यांनी डावा डोळा उघडून माझ्याकडे असं बघितलं की ही बया खिसा चाचपतेय की काय.

१९ व्या दिवशी बेडची एक बाजू शिवणीला उसवली. रात्री दोनला. मोटर घरघरत होती आणि आण्णा हळूहळू पलंगाला लागत होते. आमच्या ह्यांनी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून बघितलं, दोन तास टिकलं. दुकानात गेले तर, "वॉरंटी मोटरला आहे मॅडम, बेडला नाही." पावतीच्या मागे बारीक अक्षरात खरंच तसं होतं. म्हणून पहिली सूचना: पावती घेताना विचारा, वॉरंटी नक्की कशाची. आणि मोटरसोबत नुसता बेड वेगळा मिळतो का, हेही. त्या दुकानात मिळत नव्हता.

दुसऱ्या दुकानातून ट्यूबवाला आणला. हा खरंच वेगळा आहे. आमच्यात २० नळ्या आहेत, एखादी फुटली तर तेवढीच काढून बदलता येते. कव्हर घाम थोडा तरी जिरवतं. दोन्ही टोकांना फ्लॅप आहेत, ते गादीखाली खोचले की बेड सरकत नाही. घड्याळ लावून बघितलं तर फुगण्याची पाळी दर १२ मिनिटांनी बदलते. लाइट गेली की बबलवाला २५ मिनिटांत पोळीसारखा सपाट व्हायचा, हा पाऊण तास तग धरतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं म्हणजे पाहुणा येण्यासारखं, कधी येईल आणि किती राहील नेम नाही, त्यामुळे हा पाऊण तास मोठा आहे. एकदा उंदराने नळी कुरतडली. कुरतडलेला तुकडा कापून नळी परत दाबून बसवली, झालं. मोटर पलंगाच्या पायथ्याला टांगायची आहे. आमचा पलंग सागवानी, पायथ्याला फळी नाही, म्हणून ती तीन दिवस फरशीवर होती आणि आईंनी फरशी पुसताना तिच्यावर बादलीभर पाणी जायचं थोडक्यात वाचवलं. नंतर फाउलर कॉट, डोक्याकडची आणि गुडघ्याकडची बाजू वर उचलता येते ती दवाखान्यातली खाट, महिन्याच्या भाड्याने आणली. ती आणायला आधीच हवी होती.

फाउलर कॉटचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. नळीने दूध किंवा पेज घालताना डोक्याकडची बाजू उचलावी लागते, आणि नंतरही काही वेळ तशीच ठेवावी लागते. एअर बेड गुळगुळीत. डोकं उचललं की पेशंट खाली घसरतो, कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड खाली सरकतं. माकडहाडाची जखम नुसत्या दाबाने होत नाही, या घसरण्यानेही होते. म्हणून आधी गुडघ्याकडची बाजू थोडी उचलायची, मग डोक्याकडची. आणि वर ओढताना काखेत हात घालून फरफटवायचं नाही. दोघांनी चादरीसकट उचलायचं. आईंना हे एकदाच दाखवलं. त्या म्हणाल्या, "पोतं वडत्यात तसं नाय वडायचं, दुघांनी धरून उचलायचं. एवढंच ना?" एवढंच.

इथपर्यंत वाचून वाटेल, ट्यूबवाला घ्या, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. आणि तिथेच माझी चूक झाली. ती सांगायची तर डेझर्टेशनकडे वळावं लागेल.

एम.एस्सी. नर्सिंगचे विषय ज्यांना माहीत आहेत त्यांना कळेल मी काय म्हणते ते. लायब्ररीत मागच्या बॅचेसचे प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत ओळीने उभे असतात. दहातले सात तरी एकाच साच्यातले: अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता. आधी प्रश्नावली भरून घ्यायची, मग चार्ट आणि फ्लॅश कार्ड घेऊन शिकवायचं, सात दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा. ज्ञान वाढतं. वाढणारच, उत्तरं आपणच सांगितलेली असतात. मग टी टेस्ट, म्हणजे फरक खरा की योगायोग ते बघायची आकडेमोड, मग बाइंडिंग. माझीही सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, तशीच होती. गाइड मॅडमनी ती वाचून टेबलावर उलटी ठेवली आणि म्हणाल्या, "नर्सला काय माहीत आहे ते तू मोजणार. पेशंटच्या पाठीला काय माहीत आहे ते कोण मोजणार?"

त्यामुळे मी मेल मेडिसिन वॉर्डात रात्री बसले. हातात ब्रेडनचा फॉर्म, टॉर्च, आणि कोण कधी कुठल्या कुशीवर आहे ते टिपायची वही. आधी एथिक्स कमिटीची परवानगी, मग मराठीत संमतिपत्र. संमतिपत्रात मी "शय्याव्रण" लिहिलं होतं, शब्दकोशातून काढून. पहिल्याच पेशंटच्या मुलाने विचारलं, "शैया कोण?" तो शब्द काढला आणि लिहिलं, "पडून राहिल्याने पाठीला पडणाऱ्या जखमा".

माझा अभ्यास लहान होता, एका वॉर्डातला, थोड्या पेशंटचा. त्यावरून जगाने काही ठरवू नये, म्हणून आकडे इथे देत नाही. पण जे डोळ्यांनी दिसलं ते सांगते. ज्यांच्या खाली एअर बेड नव्हता त्यांच्या खाटेपाशी सिस्टर, मामा, मावशी कुणी ना कुणी रात्रीतून थांबत होतं. ज्यांच्या खाली एअर बेड होता त्यांची मोटर चालू आहे ना, एवढं लांबूनच बघितलं जायचं. हिरवा दिवा दिसला की पुढचा पेशंट. आणि सकाळी त्यांचा कूस बदलायचा चार्ट बघितला तर पूर्ण. रात्री १०, १२, २, ४, ६. पाचही खुणा एकाच पेनच्या, एकाच दमात, एकाच कलाने मारलेल्या. मला ते ओळखायला वेळ लागला नाही, कारण माझ्या स्वतःच्या नाइट ड्यूटीत मी वर्षानुवर्षं तशाच मारल्या होत्या. एका सिस्टरवर तेवढा वॉर्ड असला की हात चार्टपर्यंत पोचतो, पाठीपर्यंत पोचत नाही.

बेडवर एवढा भरवसा टाकावा का, हे बाहेरही तपासलं गेलंय. ब्रिटनमध्ये जेन निक्सन या नर्स-प्राध्यापकांनी एअर बेड आणि चांगल्या प्रतीची फोमची गादी यांची समोरासमोर तुलना केली, २,०२९ पेशंटवर. २०१९ मध्ये निकाल आला: दोन्हींत म्हणावा तसा फरक नाही. डेझर्टेशनच्या वेळी हे वाचून मी खुर्चीत मागे टेकले होते. आपल्याकडे एअर बेडला अगदी जादूची चटई समजतात. मात्र हा निकाल हातात घेऊन "मग एअर बेड कशाला" असंही कुणी म्हणू नये. तिथे तुलना उत्तम फोमशी होती. आपल्या घरात असते पिंजून पंधरा वर्षं झालेली कापसाची गादी किंवा काथ्याची. तिच्यापुढे एअर बेड बराच बरा.

तसंच दोन तासांचं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून आम्ही घोकतो: दर दोन तासांनी कूस. बर्गस्ट्रॉम, त्याच ब्रेडन स्केलवाल्या, त्यांनी २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधल्या ९४२ जणांवर बघितलं: दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली तरी जखमांमध्ये फरक आला नाही. पुन्हा तेच, सगळे चांगल्या फोमच्या गादीवर, आणि कर्मचारी ठरल्या वेळी खरंच कूस बदलतायत आणि कातडी बघतायत यावर लक्ष. मला त्यातून कळलं ते असं की रात्री तीन तासांनी खरी कूस ही दोन तासांनी चार्टवरच्या कुशीपेक्षा चांगली.

आणि हे सगळं माहीत असलेली बाई, मी, ट्यूबवाला बेड आणल्यावर काय केलं? रात्रीचा गजर बंद केला. एकदम नाही. आधी दोनचा चुकला, मग बाराचा "आत्ताच तर केली" म्हणून. मोटरचा हिरवा दिवा दिसत होता ना. माझी ड्यूटी, स्वयंपाक, मुलाची दहावी. बेड आण्णांपेक्षा मलाच जास्त आराम देत होता.

श्रावणातली एक रात्र. लाइट गेली म्हणून उठले, हवा किती राहिलीय बघायला मोबाइलचा टॉर्च लावला. माकडहाड बघितलं, ठीक. उजवा खांदा, उजवं ढुंगण, उजवी टाच, ठीक. लुळ्या बाजूवर माझं सगळं लक्ष. डाव्या पायावरची चादर सहज सरकली आणि टाचेवर जांभळा डाग दिसला, एखादं जांभूळ चिरडावं तसा, रुपयाएवढा. बोटाने दाबला. रंग फिका झाला नाही. आजूबाजूला हाताची पाठ लावली, तिथली कातडी बाकीच्या पायापेक्षा गरम आणि जराशी फुगीर.

चांगल्या पायाची टाच. तो पाय हलतो, म्हणून त्याला काही होणार नाही असं मी धरून चालले होते. पण तो हलतो म्हणूनच झालं. आण्णा खाली घसरले की तोच एक पाय रेटून स्वतःला वर ढकलायचे, दिवसातून कितीदा तरी, आणि टाच नळ्यांच्या मधल्या खाचेत घासत, दाबत राहायची. बोलता येत असतं तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं. ते सांगत होतेच. त्या आठवड्यात "च्या" खूपदा म्हणत होते आणि आम्ही चमच्याने चहा पाजत होतो, डॉक्टरांनी तोंडाने थोडं द्यायला परवानगी दिली होती म्हणून खुशीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. डागाला टोचलं नाही, चोळलं नाही. दोन्ही पोटऱ्यांखाली लांबट उशी, अशी की टाचा हवेत राहतील, आणि त्यांच्याखालून कागद आरपार जाईल. गुडघा किंचित वाकलेला. बस. डाग काळा पडला, सुकला, खपली धरली आणि दसऱ्याच्या सुमाराला गळून पडली. नशीब म्हणायचं. आतून सडत जाणाऱ्या टाचा मी वॉर्डात बघितल्या आहेत.

म्हणून एअर बेडबद्दल माझी मोठी तक्रार ही: टाचांसाठी तो जवळजवळ काही करत नाही, आणि खोक्यावरच्या चित्रात माणूस मजेत पाय पसरून झोपलेला असतो. टाचांखाली पाण्याने भरलेले हातमोजे ठेवायची पद्धत वॉर्डात आम्ही वर्षानुवर्षं वापरली, तीही सोडा. हातमोजा सरकतो, आणि दाब शेवटी टाचेवरच येतो. रबरी रिंगही नको. मधलं भोक रिकामं राहतं खरं, पण कडेने दाब पडून भोकातल्या कातडीचंच रक्त अडतं. आणि लाल झालेल्या जागी स्पिरिट-पावडर चोळून मालिश, जी "बॅक केअर" म्हणून आम्हाला शिकवली, ती लाल जागेवर करायची नाही हे आता सर्वमान्य आहे. मला मात्र अजून पावडरचा डबा दिसला की हात शिवशिवतो.

आणखी एक, आपल्या रंगाच्या माणसांसाठी. पुस्तकात पहिली पायरी "लालसर कातडी" अशी दिलेली असते. आण्णांची पाठ उन्हाने करपलेली, तिथे लाल काय दिसणार? हाताची पाठ लावून बघायची: शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे का, गार आहे का, कडक लागते का, पिठासारखी मऊ लागते का. उजेड खिडकीचा घ्यायचा, ट्यूबलाइटचा निळसर उजेड फसवतो.

टाचेनंतर घरात नवी पद्धत लागली. आईंना घड्याळ वाचता येतं पण तक्ता भरता येत नाही, आणि तक्त्यावर माझाच विश्वास उडालेला. पलंगापाशी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तीन चित्रं काढली: खिडकी, आढं, देवघर. आण्णांचं तोंड सध्या कुठे आहे ते. त्यावर कपडे वाळत घालायचा एक निळा चिमटा. जो कूस बदलेल त्याने चिमटा पुढे सरकवायचा. पूर्ण कुशीवर झोपवत नाही, पाठीमागे उशी लावून ३० अंश तिरकं, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. वेळाही घड्याळाच्या नाहीत, घराच्या आहेत: धार काढायला जायच्या आधी, नाश्त्यानंतर, दुपारच्या जेवणाला, चहाला, दिवेलागणीला, आईंची मालिका संपली की, आणि रात्री दोनदा, एकदा मी, एकदा हे. माझी नाइट असली की दोन्ही वेळा हे. पहिल्या आठवड्यात चिमटा एकदा देवघरावर आणि आण्णा खिडकीकडे असं निघालं. आईंनी धाकट्या नातवाला पकडलं. तो चिमट्याशी खेळत होता.

जाऊबाई आल्या होत्या दिवाळीला. त्यांनी बेडवरून हात फिरवला, मोटर बघितली आणि म्हणाल्या, "मग आता वहिनी, यंत्र आहे तर रात्री कशाला उठता?" आईंनीच उत्तर दिलं, "यंत्राला आमचे हे कुठं ओळखीचे हायत?"

आता आण्णांची नळी निघाली आहे. टेकून खुर्चीत अर्धा तास बसतात. ब्रेडन पुन्हा काढला, १५ आला. खुर्चीत बसल्यावर एअर बेड तिथे नसतो हे लक्षात ठेवा. खुर्चीत ढुंगणावर भार अंथरुणापेक्षा जास्त येतो, म्हणून अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही आणि मधे एकदा पुढे वाकवते.

तर गुण. बबलवाला, पाचपैकी दीड. आठ-पंधरा दिवसांचंच काम असेल तर चालेल, तेवढ्यासाठी भाड्यानेही मिळतो, विचारून बघा. ट्यूबवाला, साडेतीन. एक गुण टाचांचा कापला, अर्धा खोक्यावरच्या त्या हसऱ्या माणसाचा. मोटरच्या मागे एक बारीक जाळी आहे, तिथे धूळ बसली की हवा कमी येते. महिन्याला जुना टूथब्रश फिरवा. मोटर गरम होत असेल किंवा आवाज बदलला तर थांबू नका, वॉरंटीत दाखवा. आमचीला एक वर्ष आहे, जुलैअखेर संपेल. पावती देवघरातल्या डब्यात ठेवली आहे, बबलवाल्याच्या पावतीखाली.

हे लिहिता लिहिता पावणेएक झाला. चिमटा अजून खिडकीवरच आहे, उठते.